मागच्या गेटवरचा बाप

आमच्या टॉवरमध्ये पुढच्या दरवाजातून आत जायला कार्ड लागायचं. मागच्या दरवाजातून आत जायला आजोबा लागायचा.

पुढचा दरवाजा काचेचा, आपोआप उघडणारा. सूटवाली माणसं यायची, कार्ड टेकवायची, टुक् असा आवाज व्हायचा, की आत. त्यांना कुणी काही विचारत नसे. मागचा दरवाजा म्हणजे लोडिंग बे. तिथून पाण्याच्या बाटल्या, ऑफिसच्या खुर्च्या, पिझ्झा, कचऱ्याचे डबे आणि मी, असे आत-बाहेर करायचो. मी तिथे क्लीनर. आणि त्या गेटवर, काळ्या-पिवळ्या दांड्याच्या शेजारी, मुबिरू उभा असायचा.

बिल्ल्यावर त्याचं नाव जोसेफ होतं. ऑफिसात, कंपनीच्या बसमध्ये, आखातातल्या त्या शहरात अल कुसैस भागात आम्ही राहायचो त्या बिल्डिंगमध्ये सगळे त्याला जोसेफच म्हणायचे. तो मात्र सांगायचा, "जोसेफ ऑफिससाठी. ते पाद्र्यानं दिलं. मुबिरू हे मेलेल्यांनी दिलं." तो युगांडाचा, तिथल्या बगांडा लोकांतला. त्यांच्यात मूल जन्मलं की कुळात होऊन गेलेल्या कुणाचं तरी नाव त्याला देतात. माणूस जातो, नाव रिकामं ठेवायचं नाही, अशी पद्धत. आमचं बोलणं चालायचं मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये अरबी यल्ला आणि खलास. हिंदी मोडायचा तो, इंग्रजी मी. इथे मी ते सगळं मराठीत लिहितोय, त्यामुळे तो आहे त्याहून जरा शहाणा वाटेल, आणि मीही.

गेटवर येणाऱ्याचं नाव, कंपनी आणि गाडीचा नंबर लिहून घ्यायचा, एवढीच त्याची ड्यूटी. ती तो चोख करायचा. पण नंतर पेन खिशाला लावून तो आपल्या मनाची ड्यूटी सुरू करायचा. पहिल्याच आठवड्यात मी ऐकलेलं बोलणं अजून आठवतं. समोर पिझ्झा घेऊन आलेला एक फिलिपिनो होता.

"नाव?"

"आर्नेल."

"कोणाचा?"

"कंपनीचा."

"कंपनीला मुलं होत नाहीत. बापाचं नाव सांग."

आर्नेलनं सांगितलं.

"आणि त्याचा बाप?"

"ब्रदर, पिझ्झा थंड होतोय."

"तुझा आजोबा त्याच्या आधी थंड झाला. त्याचं नाव सांग आणि जा."

असं रोज. पाण्याच्या बाटल्यांचा ट्रक चालवणारा पठाण, कुरियरवाला मलबारी, एसी दुरुस्त करणारा बांगलादेशी, कुणाची सुटका नव्हती. गंमत म्हणजे तक्रार कुणी केली नाही. पठाण तर लांबूनच खिडकीतून डोकं काढून बापजाद्यांची यादी ओरडत यायचा. त्याची यादी चांगली लांब होती, आणि तो ती पोराबाळांच्या मार्कांसारखी मिरवायचा.

माझी पाळी आली तेव्हा माझी गाळण उडाली. मला युनिफॉर्मची भीती वाटते, मग तो पोस्टमनचा का असेना. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर चुकेल असंच वाटत असतं. मी आधी सांगून टाकलं की माझा व्हिसा बरोबर आहे. मग म्हटलं, "सुभाष. सुभाष काशिराम जाधव."

"काशिराम कोणाचा?"

"गणपतचा."

"गणपत कोणाचा?"

शाळेत मोगल बादशहांचे बाप आणि मुलगे क्रमाने पाठ करून घेतले होते. ते आजही येतात. आमच्या घरातले गणपतच्या वर येत नव्हते.

मुबिरूनं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण चपला न घालता डांबरावर निघालेल्या माणसाकडे बघतो. मग हनुवटी वर करून त्यानं स्वतःचं म्हणून दाखवलं. तो अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, असं करत करत तो त्यांच्या मोठ्या सरोवराच्या काठापर्यंत जाऊन पोचला. शेवटचा माणूस होडी घेऊन आलेला होता. एवढी नावं त्यानं श्वास न घेता म्हटली. मी मॉप हातात धरून उभा. संपल्यावर तो म्हणाला, "आता तू कोणाशी बोलतोयस ते तुला कळलं. मी कोणाशी बोलतोय ते मला अजून कळलं नाही. पण ग्येबाले."

हा त्यांचा शब्द. काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना म्हणायचा. काम करतोयस, तुझे आभार, असा काहीसा अर्थ. त्या टॉवरमध्ये मी पुसलेल्या फरशीवरून हजारो माणसं गेली असतील. ग्येबाले म्हणणारा तो एकटा. ओल्या फरशीवरून बूट घालून जाणाराही तोच, पण म्हणून जायचा.

टॉवरांच्या मधे तळं आहे. कठड्याला टेकून लोक फोटो काढतात. मुबिरूनं एकदा ब्रेकमध्ये ते नीट बघितलं, पाण्यात थोडा वेळ टक लावली आणि विचारलं, "ह्यात कोण राहतं?"

"कोणी नाही. शोभेचं आहे."

"तेच. ह्यात कुणाचाही आजोबा नाही. हा भरलेला टब आहे." आणि त्यानं त्या तळ्याकडे पुन्हा कधी बघितलं नाही.

पाण्याबद्दल तो असा कडक का, ते मला माशांमुळे कळलं.

बगांडांची कुळं असतात आणि प्रत्येक कुळाचा एक प्राणी असतो. कुणाचा सिंह, कुणाचा टोळ, कुणाचं माकड. आपल्या कुळाचा प्राणी मारायचा नाही, खायचा नाही, आणि त्याच कुळात लग्न करायचं नाही. मुबिरूच्या कुळाचा मासा. सगळे मासे नव्हे, एकच. लांबुळका, सापासारखा, हवेत श्वास घेणारा, तळं आटलं तर चिखलात झोपून पाऊस येईपर्यंत वाट बघणारा. बाकीचे मासे खायला त्याला मोकळीक होती. पण हे मला माहीत नव्हतं तेव्हा एका शुक्रवारी मी खोलीवर सुरमईचं कालवण केलं आणि त्याला ताट वाढलं. परक्या देशात कुणी ग्येबाले म्हणत असेल तर त्याला सुरमई देण्यापलीकडे कोकणातल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

त्यानं तुकडा उलटसुलट केला. "डोकं कुठे आहे?"

"बाजारातच टाकलं. कापून आणला."

"मग हा कोण आहे ते कसं कळणार?"

"सुरमई आहे रे!"

"ते तुझ्या भाषेत. त्याला स्वतःला काय म्हणत असतील?"

डोकं नाही म्हणजे ओळख नाही, ओळख नाही म्हणजे खायचं नाही. त्यानं भात आणि लोणचं खाल्लं. पुढच्या शुक्रवारी मी डोक्यासकट मासा आणला. बसमध्ये मला कुणी शेजारी बसू दिलं नाही. खोलीवर मी डोकं ताटलीत त्याच्यासमोर ठेवलं. मुबिरूनं वाकून त्याच्या डोळ्यात बघितलं, बराच वेळ, आणि मोठ्या आनंदानं जाहीर केलं, "ओळखत नाही!" मग माझ्या वाटणीचंही खाल्लं.

माझी हिंमत वाढली. एकदा बाजारात चांगली वाम मिळाली. वाम माझा जीव की प्राण. ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगतो, हा मासा लांब असतो, सापासारखा. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी थाळा समोर ठेवला. मुबिरूनं चमचा खाली ठेवला, उभा राहिला आणि टोपी काढली.

"अरे, हा तुझा तो नव्हे. हा खाऱ्या पाण्यातला."

"असेल," तो म्हणाला. "आमचे बरेच लोक कामासाठी लांब गेलेत."

त्या दिवशी त्यानं डाळ खाल्ली. मी वाम खाल्ली, पण त्याच्याकडे पाठ करून.

त्याच जेवणात त्यानं मला विचारलं, "तुमचा प्राणी कोणता?"

"आमच्याकडे एक म्हैस होती."

"होती ती नव्हे. आहे ती. जिला तुम्ही हात लावत नाही ती."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देवक! लग्नात देवक बसवतात, कसली तरी फांदी आणतात, एवढं आठवत होतं. माझ्या स्वतःच्या लग्नात मी हळदीच्या अंगानं पाटावर बसलो होतो आणि माझं सगळं लक्ष मंडपवाला टेबलफॅन परत नेतोय की काय याच्याकडे होतं. मी गावी फोन लावला. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात.

"आई, आपलं देवक काय गं?"

"दुसरं लगीन करतोस काय रे तिकडं?"

"नाय गं. गेटवर विचारतायत."

"सरकार विचारतंय?"

"सरकार नव्हे, युगांडाचा वॉचमन."

"त्याची पोरगी आहे काय?"

बरीच उलटतपासणी झाल्यावर आईनं सांगितलं, उंबर. वर म्हणाली, "उंबराची फांदी मांडवात आणली ती काय शोभेला, असं वाटलं तुला?" पणजोबाचं नाव तिला येत नव्हतं. तिनं भाऊबंदातल्या तात्यांना विचारून दुसऱ्या दिवशी कळवलं: राघो. राघोच्या वर तात्यांनाही कुणी दिसत नव्हतं.

मी गेटवर जाऊन म्हणून दाखवलं, "सुभाष, काशिरामचा. काशिराम गणपतचा. गणपत राघोचा. कूळ उंबराचं." आणि फोनवर उंबराचा फोटो दाखवला.

मुबिरू फोटोकडे बघत राहिला. संध्याकाळी खोलीवर त्यानं पेटीतून एक घडी काढली. तांबूस, जाड, ना कापड ना चामडं. झाडाची साल होती ती, ठोकून ठोकून कापडासारखी केलेली. आणि झाड उंबराच्याच जातीचं. त्यांच्याकडे माणूस गेला की त्याला ह्याच्यात गुंडाळतात, आणि त्याच्या जागी वारस बसवतात तेव्हा वारसाच्याही खांद्यावर हेच.

"म्हणजे," मुबिरू म्हणाला, "आमच्या घरात कुणी मेलं की आम्ही तुझ्या घरच्याला पांघरतो."

मी घाबरलो. आमच्यात उंबराला कुऱ्हाड लावत नाहीत. "साल काढल्यावर झाड मरत नाही?"

"छे. खोडाला केळीची पानं गुंडाळून ठेवतो. साल परत येते. मग परत काढतो."

हे मला लगेच पटलं. आमच्या बिल्डिंगमधले सगळे तसेच होते. दोन वर्षांनी एकदा गावी जायचं, केळीच्या पानात गुंडाळून घ्यायचं आणि साल आली की परत विमानात.

ती घडी त्यानं पेटीत का ठेवली होती, ते पुढे उन्हाळ्यात उघड झालं.

त्याचे वडील वारून बराच काळ झाला होता. तेव्हा तो जाऊन, पुरून आला होता. पण बगांडांमध्ये माणूस पुरला म्हणजे संपला असं नाही. पुढे कधीतरी सगळं कूळ जमतं, ढोल वाजतात, आणि सकाळी मेलेल्याच्या घराच्या दारात त्याचा वारस उभा करतात. खांद्यावर साल, हातात भाला. त्या क्षणापासून तो वारस म्हणजेच तो बाप. त्याच्या थोरल्या बहिणीसुद्धा त्याला बाबा म्हणतात. मुबिरूच्या वडिलांनी मुबिरूचं नाव सांगून ठेवलं होतं आणि तारीख ऑगस्टमधली ठरली होती. तो आला नाही तर जागा रिकामी ठेवणार नव्हते. चुलतभाऊ रोनाल्डला बसवणार होते. रोनाल्डचा जमिनीचा धंदा. घरामागे केळीची बाग, बागेत पिढ्यान्‌पिढ्यांच्या कबरी, आणि बाग रस्त्याला लागून.

"तो काय करणार?" मी विचारलं.

मुबिरूनं हवेत बोटानं चौकोन काढले. एक, त्याच्याशेजारी दुसरा, मधे रस्ता.

कोकणातल्या माणसाला प्लॉटिंग समजावून सांगावं लागत नाही.

रजेचा अर्ज घेऊन तो ऑफिसात रजा बघणाऱ्या परेरा मॅडमकडे गेला तेव्हा मी तिथेच काच पुसत होतो. मॅडम वसईच्या. माझ्याशी मराठीत बोलायच्या, बाकीच्यांशी इंग्रजीत, आणि रागवायच्या दोन्हीत. वाईट बाई नव्हे. माझ्या मुलीच्या आजारपणात त्यांनी मला अर्ध्या दिवसात सोडलं होतं, ते मी विसरणार नाही. पण त्यांच्यासमोर कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरपुढे त्यांचंही काही चालत नसे.

"जोसेफ, रीझन काय लिहिलंयस? फादर्स डेथ. ही लीव्ह तू घेतलीयेस."

"येस मॅडम. तेव्हा तो मेला."

"मग आता?"

"आता त्याच्या जागी बसायचंय."

"सिस्टीममध्ये एक बाप एकदाच मरतो, जोसेफ." मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. खरंच, बापाच्या पुढे बरोबरची खूण होती. "ॲन्युअल लीव्ह डिसेंबरला आहे तुझी. ऑगस्टमध्ये बिल्डिंगचं ऑडिट. तू त्याच्या जागी बसशील, तुझ्या जागी कोण बसेल?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, ते आपल्या वर्षश्राद्धासारखं..." आणि लगेच वाटलं, गेली माझी नोकरी.

"वर्षश्राद्ध तुमचं, सुभाष. आम्ही चर्चमध्ये मिसा घालतो. मी माझ्या डॅडींची मिसा ऑनलाइन ऐकली, ह्याच खुर्चीत." त्यांनी स्क्रीन परत स्वतःकडे वळवली. "काच पूस."

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. मुबिरू शांत होता, आणि शांत माणूस राजीनामा देतो हे मी इतरांच्या बाबतीत बघितलं होतं. मी त्याला समजावत होतो, नोकरी सोडू नकोस, बहिणींची पोरं तुझ्यावर शिकतायत. तो म्हणायचा, "बाप नसलेल्या घरात शिकून काय करतील? प्लॉट मोजतील." एका सकाळी तो बॅग भरायलाच लागला. तेवढ्यात त्याच्या म्हाताऱ्या काकांचा फोन आला. कुळातले ते मोठे. बसवायचं की नाही ते त्यांच्या शब्दावर.

काका म्हणाले, रोनाल्डनं आपल्याला कोंबड्या आणून दिल्या, त्यामुळे त्याच्यावर आपला संशय वाढलाय. फोनवरून बसवायला आपली हरकत नाही, पण वारसाला हवं ते सगळं हवं. साल हवी. भाला हवा. दार हवं, आणि वारस दारात उभा हवा. शेजारी साक्षीला एक माणूस हवा, ज्याला आपण कोणाचे कोण ते सांगता येतं. ज्याला स्वतःचा पत्ता नाही तो दुसऱ्याची काय साक्ष देणार?

मुबिरूनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे नुकताच एक राघो आला होता.

परेरा मॅडमना त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी रजा नको, ब्रेक हवा. मॅडम म्हणाल्या, "अकरा वाजता पंधरा मिनिटं घे. तुझ्या जागी रिलीव्हर पाठवते. ब्रेकमध्ये तू कुणाचा बाप होतोस ते मला माहीत नाही."

तो दिवस आला. मी सकाळपासून तीनदा लोडिंग बे पुसला. साल होती. दाराचं काय, असं मी विचारलं तेव्हा मुबिरू म्हणाला, रोज जिथे उभा राहतो ते दार नाही तर काय आहे? प्रश्न भाल्याचा होता. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि केबिनच्या कोपऱ्यातून गाड्यांच्या खाली बघायचा आरसा उचलला. लांब दांडा, खाली चाकं, टोकाला गोल आरसा. तो उलटा धरला की आरसा वर येत होता आणि उन्हात चमकत होता. युनिफॉर्मवर एका खांद्याला साल, हातात तो आरसा, डोक्यावर कंपनीची टोपी. मला हसू आलं नाही. मी गेटवरच्या कॅमेऱ्याकडे बघत होतो.

फोन लागला. मी दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर केळीची झाडं, तंबू, पांढऱ्या अंगरख्यातले पुरुष, भरपूर माणसं. दारात चटईवर मुबिरूची बहीण एस्तर बसलेली. वारसाच्या शेजारी बहीण बसतेच, पण हिच्या शेजारी स्टुलावर एक फोन उभा केला होता, आणि त्या फोनमध्ये आम्ही. मागे काळा चष्मा लावून एक जाडा माणूस उभा होता. तो रोनाल्ड हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्याची नजर केळीच्या बागेवर होती.

काकांनी काहीतरी विचारलं. मुबिरूनं मला कोपरानं ढोसलं. "सांग."

मी ताठ उभा राहिलो. शाळेत गुरुजींनी उभं केलं की असंच व्हायचं. "सुभाष," मी म्हटलं. "काशिरामचा. काशिराम गणपतचा. गणपत राघोचा. कूळ उंबराचं."

मुबिरूनं त्यांच्या भाषेत सांगितलं आणि खांद्यावरची साल दाखवून वर काहीतरी जोडलं. तंबूत कुजबुज झाली, मग हशा, मग बायकांनी जिभेनं लांब किलकारी काढली. लोडिंग बेमध्ये ती अशी घुमली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून बघितलं. राघोचं नाव आमच्या वाडीत शेवटचं कधी कुणी घेतलं असेल कोण जाणे. त्या दिवशी त्याला एक आख्खा तंबू भरून माणसांनी दाद दिली.

काका मुख्य शब्द बोलायला लागले आणि रस्त्याच्या वळणावर हॉर्न वाजला. पाण्याचा ट्रक. रिलीव्हर आलेलाच नव्हता.

"जोसेफ भाई! गेट खोलो, यल्ला!" पठाण खिडकीतून ओरडला. त्याला साल दिसली, आरसा दिसला, माझ्या हातातला फोन दिसला. त्याला वाटलं आज नवी चौकशी आहे. त्यानं इंजिन बंद न करताच बापजाद्यांची यादी सुरू केली.

फोनमधून काकांनी काहीतरी विचारलं, तो कोण ओरडतोय असंच असणार. रोनाल्डनं चष्मा काढला. मला वाटलं, मोडलं सगळं. गेट उघडावं तर विधी मोडतो, न उघडावं तर मागे गाड्या लागतात आणि मॅडम खाली येतात.

मुबिरूनं फक्त एक पाऊल मागे टाकलं, भाला डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं गेटचा दांडा वर केला. हळू. रोज करतो तसा. ट्रक त्याच्या शेजारून आत गेला, पठाण यादी म्हणतच होता, आणि मुबिरू दारात उभा होता, एका खांद्यावर साल, हातात चमकता आरसा.

काका हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग तंबूकडे वळून काहीतरी मोठ्यानं बोलले आणि ढोल सुरू झाले. नंतर मुबिरूनं मला सांगितलं ते काय म्हणाले. म्हणाले, "मी विचारणार होतो, हा कुठल्या दारात उभा आहे. दार ह्यानंच उघडून दाखवलं. आता ह्याला काय दारात उभं करायचं, हा तर दार घेऊनच उभा आहे."

सगळे एकेक करून फोनसमोर येऊन बाबा म्हणून गेले. एस्तर रडत म्हणाली. रोनाल्डही आला. गुडघा टेकला, तोंड वाकडं करून म्हणाला. नव्या बापानं त्याला पहिला हुकूम दिला तो दोन शब्दांचा. मला भाषा येत नाही, पण हवेत काढलेले चौकोन त्यानं हातानं पुसले ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कॅमेऱ्याचं चित्रण दाखवून त्याला तोंडी समज दिली. युनिफॉर्मवर बाहेरचं वस्त्र चालणार नाही. जाता जाता म्हणाल्या, "आरसा जागेवर ठेवलास ना?" आणि मग, स्क्रीनकडेच बघत, "कॉंग्रॅच्युलेशन्स, जोसेफ."

त्यानंतरचं वर्ष बघण्यासारखं होतं. ब्रेक झाला की केबिनमध्ये फोन वाजायचा. साठीची बहीण त्याला बाबा म्हणून विचारायची, पोरीचं लग्न ह्या घरात करू का? तो मुलाचं कूळ विचारायचा, आपलंच असेल तर नाही म्हणायचा. भाचे फीचं विचारायचे, काका तब्येतीचं सांगायचे. तो डोळे मिटून ऐकायचा आणि निकाल द्यायचा. एवढ्यात सुपरवायझर यायचा आणि बुटाला पॉलिश नाही म्हणून त्याला झापायचा. तो "येस सर" म्हणायचा, आणि सर गेले की विचारायचा, "ह्याच्या आजोबाचं नाव कुणाला माहीत आहे का?"

कॉन्ट्रॅक्ट संपत आलं तेव्हा मॅडमनी स्वतः बोलावून रिन्यू करायला सांगितलं. तो नको म्हणाला. कबरी फोनवरून राखता येत नाहीत, आणि रोनाल्ड अधूनमधून बागेत फेरी मारायला लागला होता. मी सगळी कारणं सांगून बघितली, जी मी स्वतःला सांगतो. त्यानं सगळी ऐकली आणि म्हणाला, "तू बरोबर आहेस. तुझ्या खांद्यावर साल अजून आलेली नाही."

गेला त्या दिवशी सकाळी तो ऑफिसात युनिफॉर्म परत करायला आला. ड्यूटीच्या जागी साध्या शर्टात मी त्याला प्रथमच बघत होतो. एकदम बारीक वाटला. मला भेटायला म्हणून तो वळसा घालून मागच्या गेटवर आला, तर नवीन वॉचमननं त्याला अडवलं. नेपाळचा मुलगा, कालच लागलेला, कोरी टोपी.

"कार्ड?"

कार्ड आत जमा झालेलं. मुबिरूनं हनुवटी वर केली आणि आपलं सगळं म्हणून दाखवलं, थेट होडीवाल्यापर्यंत. नेपाळी पोरानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कार्ड नहीं है तो अंदर नहीं।"

मुबिरू इतका हसला! म्हणाला, "चांगला आहे. ठेवा ह्याला."

मग आम्ही दांड्याच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून बोललो. त्यानं विचारलं, "तू?"

मी तयारीत होतो. तात्यांनी मधे एका म्हाताऱ्या आत्याला गाठलं होतं. "सुभाष काशिरामचा. काशिराम गणपतचा. गणपत राघोचा. राघो धोंडूचा."

"धोंडू," त्यानं म्हणून बघितलं. दोनदा म्हटलं. मग मान डोलावली. "ग्येबाले."

"ग्येबाले, बाबा," मी म्हटलं. तोंडातून गेलं. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल.

एअरपोर्टची व्हॅन त्याला बाहेरून घेऊन लोडिंग बेमधूनच पुढे जाणार होती. तो पुढच्या सीटवर बसला, मांडीवर तांबूस घडी. गेटपाशी नेपाळी पोरानं नियमाप्रमाणे गाडी थांबवली आणि आरसा व्हॅनखाली सरकवला. नवा होता, दांडा तिरपा पकडला होता. मुबिरूनं काच खाली केली, त्याच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "भाला सरळ धर."

पोरानं काही न समजून माझ्याकडे बघितलं. व्हॅन वळून गेली होती.

"सरळ धर म्हणतायत," मी म्हटलं, आणि मॉप उचलला.